बाळ वाढेना, म्हणून इंजेक्शन?

पोटातील बाळाची वाढ खुंटली आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की घरची मंडळी पहिला प्रश्न विचारतात : यावर एखादे इंजेक्शन नाही का? पिकाला खत घालतो तसे बाळाला वाढीचे औषध द्यावे, हा विचार शेतकऱ्याच्या मनात येणारच. शास्त्रज्ञांच्याही मनात तो आलेला आहे.

शरीरात वाढीला चालना देणारे काही पदार्थ असतात. त्यांना वाढ-घटक म्हणतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी असा एक घटक गाभण मेंढीच्या गर्भजलात सोडून पाहिला. कोकरू ते पाणी गिळते आणि घटक त्याच्या पोटात जातो. लंडनच्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या घटकाचे जनुक त्यांनी मेंढीच्या गर्भाशयाच्या रोहिणीत सोडले. दोन्हीकडे कोकरांच्या वाढीत काही सुधारणा दिसली. ही कामे मोलाची आहेत, याबद्दल आम्हाला शंका नाही.

परंतु मेंढी म्हणजे बाई नव्हे. ज्यांच्या गोठ्यात मेंढ्या व्यायल्या आहेत त्यांनी पाहिलेच असेल, की मेंढीची वार अनेक गाठींनी गर्भाशयाला चिकटलेली असते. बाईची वार एका चकतीसारखी असते आणि तिची घडणही निराळी असते. म्हणून मेंढीला जे लागू पडले ते बाईला लागू पडेलच असे नाही. आज हे वाढ-घटक गरोदर स्त्रीसाठी नेहमीचा उपचार झालेले नाहीत.

घाई किती महाग पडते याचे एक उदाहरण आहे. रक्तवाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिल हे औषध वाढ खुंटलेल्या गर्भांसाठी काही देशांत तपासले जात होते. हा वाढ-घटक नव्हे, पण आशा तीच होती. नेदरलँड्समधील चाचणीत जन्मलेल्या काही बाळांना फुप्फुसांचा गंभीर त्रास झाला, काही दगावली, आणि २०१८ साली ती चाचणी थांबवावी लागली. तेव्हा वाढीचे औषध म्हणून कोणी काही टोचू लागला, तर त्याला आधी विचारा : हे काय आहे, आणि ते कोणावर तपासले आहे?

मग आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या गरोदर स्त्रिया पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेत त्यांची बाळे अधिक भरलेली होती, आणि ज्यांना शेतात व घरात फार राबावे लागे त्यांची बाळे लहान होती. मुंबईतील १२१७ स्त्रियांच्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरले.

अर्थात, पाटच बुजला असेल तर नुसत्या खताने पीक येत नाही. वारेतूनच रक्त कमी जात असेल तर केवळ आहाराने ते भरून निघत नाही. अशा वेळी सोनोग्राफीने रक्तप्रवाह पाहणे आणि नवजात बाळाची नीट सोय असलेल्या इस्पितळात योग्य वेळी बाळंतपण करणे, हाच आजचा खरा उपाय आहे. प्रत्येक लहान बाळ आजारी असते असेही नाही. तो निवाडा डॉक्टरांनीच करावा.

म्हणून आमचे सांगणे घरातील पुरुषांना व सासूबाईंना आहे. गरोदर सुनेच्या डोक्यावरचा हंडा व भारा उतरवा. बाळ लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाते म्हणून तिला कमी जेवू घालण्याची समजूत सोडून द्या. मिश्रीची डबी घरातून हद्दपार करा. प्रत्येक तपासणीत पोटाची उंची मोजून घ्या, आणि बाळाची हालचाल मंदावली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा. वाढ-घटकांचे संशोधन खुशाल पुढे जावो. सुनेच्या ताटात पालेभाजी वाढायला मात्र त्याची वाट पाहावी लागत नाही.