सरळ रेषेचे यंत्र

कर्कटकाचे एक टोक रोवून दुसरे फिरविले की वर्तुळ उमटते. दोन खुंट्या व दोरी यांच्या साहाय्याने माळीही बागेत लंबवर्तुळ आखतो. परंतु केवळ खिळ्यांनी जोडलेल्या दांड्यांच्या योगे अचूक सरळ रेषा कशी काढावी, हे कोडे थोर यंत्रज्ञांनाही दीर्घकाळ सुटले नव्हते. पट्टीने काढावी म्हणाल, तर ती पट्टी तरी कशावरून आखली?

न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाने १८८२ साली जर्मन यंत्रशास्त्रज्ञ फ्रान्झ रूलो यांच्या आराखड्यांनुसार घडविलेल्या दोनशेंहून अधिक प्रतिकृती विकत घेतल्या. त्यांत सरळ रेषा काढणाऱ्या यंत्रांची एक स्वतंत्र मालिकाच आहे.

या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. वाफेच्या यंत्रात दट्ट्याचा दांडा सरळ वरखाली जातो, तर त्याला जोडलेल्या तरफेचे टोक कंसात डोलते. या दोहोंचा मेळ घालणारी रचना जेम्स वॉटने १७८४ मध्ये केली. तिची रेषा जवळजवळच सरळ होती. ती रचना पुरती फिरू दिली तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वक्र उमटतो. तरीही वॉटला आपल्या इतर शोधांपेक्षा हिचाच अभिमान अधिक होता. अशी तरफयंत्रे पुढे उसाच्या चरकांनाही जोडली गेली. १८३४ पासून करारावर मॉरिशसला गेलेल्या आपल्या पूर्वजांनी वाफेच्या चरकांसाठी ऊस तोडला. ऊस किती तोडावा हे त्यांना सांगितले जाई. यंत्राची भूमिती समजावून देणे करारात नव्हते.

म्हणूनच आपल्या मुलांना ही यंत्रे काचेआडून दाखवून परत आणणे मला अपुरे वाटते. ती त्यांनी स्वहस्ते करावीत. फ्रेंच लष्करी अधिकारी पोसेलिये याने १८६४ मध्ये जाहीर केलेली अचूक रचना पुठ्ठ्याच्या सात पट्ट्यांनी साधते. चार समान पट्ट्यांचा समभुज चौकोन करावा. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोन लांब, समान पट्ट्या जोडून त्यांची मोकळी टोके फळीवर एकाच टाचणीत रोवावीत. सातवी पट्टी दुसऱ्या टाचणीत रोवून चौकोनाच्या अलीकडच्या कोपऱ्याला जोडावी. पलीकडच्या कोपऱ्यात पेन्सिल बसवावी. दोन टाचण्यांतील अंतर सातव्या पट्टीइतकेच हवे. नसेल तर रेषा वाकते. ती का वाकते, हे मात्र मुलांना आधी सांगू नये.