दोन मुक्कामांची रजा



आपल्या माणसांना प्रवास नवा नाही. अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला दादर, उन्हाळ्यात गावाकडची लग्ने. जनरलच्या डब्यात उभे राहून, पिशवीत भाकरी आणि मांडीवर मूल घेऊन आपण जातो. तो प्रवास झालाच पाहिजे. परंतु निव्वळ विश्रांतीसाठी घराबाहेर पडलेली कुटुंबे आपल्या वस्तीत किती सापडतील? "ती पैसेवाल्यांची हौस, आपल्याला काय करायची?" असे उत्तर घरोघरी मिळते. हे उत्तर आम्हांला मान्य नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतल्या कामगाराला पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. म्हणजे कामगाराची विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, कायद्याने मिळालेली गोष्ट आहे. आणि आपण त्या रजेचे काय करतो? निम्मी लग्नकार्यात जाते, निम्मी आजारपणात. उरलेली विकून पैसे घेतो. कंत्राटावर राबणाऱ्याला आणि धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या बाईला तर खाडा झाला की पैसे कापले जातात. घरातल्या आईला मात्र कोणत्याच कायद्याने रजा नाही. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस आणि दोन मुक्काम तिच्या नावाने काढावेत, असे आम्ही सुचवतो.

कोठे जावे? मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडच्या कुटुंबांना मावळ जवळचा. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल धरावी. पहिलेच स्टेशन मळवली. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाजे गाव स्टेशनपासून पायी अर्ध्या तासाचे. कार्ल्याला रिक्षा मिळते. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून ठेवावे.

दिवस शरदाचे. परतीचा पाऊस सरलेला, भात पिवळा पडून कापणीला आलेला, पहाटे गवतावर दव आणि रात्री गोधडी हवीशी वाटणारी थंडी. या मावळच्या मातीचाच इंद्रायणी तांदूळ. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तो १९८७ साली दिला. त्याचा वाफाळता भात आणि पिठले मिळाले, तर आणखी काय पाहिजे!

या लेण्यांचा आणि विश्रांतीचा जुना संबंध आहे. भिक्खू आठ-नऊ महिने गावोगाव चालत. पावसाळ्यात चालताना शेतातली कोवळी पिके आणि जीवजंतू पायाखाली येतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. तोच वर्षावास. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. चालणेही हवे आणि थांबणेही हवे, ही शिकवण अशी अडीच हजार वर्षांची आहे. आपल्या सहलीलाही हाच नियम लावू : अर्धा दिवस चालायचे, अर्धा दिवस बसायचे.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचावे. जेवावे, तासभर झोपावे आणि तीन-साडेतीनला भाजे लेण्यांकडे निघावे. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे उतरते ऊन आत येते. इथे २२ लेणी आहेत. मुख्य चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. त्याचे २७ साधे अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब जसे तिरपे लावीत, तसेच ते दगडात कोरले. पलीकडे १४ स्तूपांचा समूह आहे. काही स्तूपांवर थेरांची नावे आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. मुलांना ती नावे वाचून दाखवावीत. विहारातल्या एवढ्याशा खोल्या आणि दगडी ओटे पाहावेत. चालून दमलेली माणसे याच ओट्यांवर पाठ टेकवीत.

संध्याकाळी खोलीवर परत. चहा घ्यावा, पाय कोमट पाण्यात सोडावेत. मोबाईल पिशवीत ठेवावा. मग कोणी एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातले एखादे प्रकरण घ्यावे, किंवा मुलांच्या आवडीचे गोष्टींचे पुस्तक. आजी-आजोबा बरोबर असतील, तर पुस्तकाचीही गरज नाही. गिरणीतली पाळी, चाळीतला नळ, त्यांनी ऐकलेली पहिली सभा यांविषयी विचारा. एरवी हे ऐकायला आपल्याला वेळ नसतो आणि त्यांनाही सांगायला माणूस नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर कार्ले. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी थांबत थांबत चढाव्या, घाई कोणालाच नाही. लेण्याच्या दारातच एकवीरा देवीचे देऊळ असल्याने सुट्टीच्या दिवशी फार गर्दी होते, म्हणून सकाळच बरी. इथले चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट, खांब ३७. मान वर करून पाहा : छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच.

आम्हांला मात्र सर्वांत मोलाचे वाटतात ते इथले लेख. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसे धेनुकाकटच्या सिंहदत्त या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे. आणि दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे, बापाच्या नावासकट आहे. शेठजीचे नाव आणि हाताने काम करणाऱ्याचे नाव एकाच लेण्यात कोरलेले! आपल्या मुलाला ही ओळ दाखवा आणि तिचा अर्थ सांगा. शाळेच्या पुस्तकापेक्षा ती जास्त लक्षात राहील.

दुपारी मात्र खोलीतच राहायचे. जवळच लोहगड, विसापूर, बेडसे आहेत, पण सगळे उरकायला गेलात तर सहलीची पाळी होईल. ते पुढच्या वर्षी. मुलांनी पत्ते खेळावेत, बाबांनी झोपावे. आईने काय करावे हे तिचे तिने ठरवावे. काहीच करू नये, असेही तिने ठरवले तर चालेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी भातखाचरांच्या कडेने एक फेरी मारावी. मग परतावे. पुण्याकडे जाणाऱ्यांनी वाटेत देहूरोडला उतरावे. ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना बाबासाहेबांनी इथे २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः केली. वंदना करून पुढची लोकल धरावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी :

घरगुती खोली घेताना भाडे, जेवणाचे दर आणि गरम पाण्याची सोय आधी विचारून घ्यावी. दिवाळीत दर चढतात, म्हणून भाऊबीज उलटल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी जावे.

स्टोव्ह, पातेली बरोबर नेऊ नयेत. तसे केले तर आई इथेही चुलीपाशीच बसेल. गावातल्या घरीच जेवण सांगावे, त्या बाईलाही चार पैसे मिळतात.

लेण्यांत मधमाश्यांची पोळी असतात. धूर करू नये, उदबत्ती लावू नये, आरडाओरड करू नये.

भिंतीवर नाव लिहू नये. सामी सुताराने आपले नाव काम करून मिळवले होते.

पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर आजपासून दर आठवड्याला थोडे पैसे डब्यात टाकावेत. वाढदिवसाचा एक केक आणि एक मंडप कमी केला तरी डबा भरतो. रजेचा अर्ज मात्र वेळेवर द्यावा, आणि घरात आधी आईला विचारावे : तुला कोणते तीन दिवस सोयीचे?