मासा संकट घेऊन जात नाही

घरात माशांची काचेची टाकी ठेवण्याची हौस आता बंगल्यांपुरती राहिलेली नाही. चाळीत, कॉलनीत, दोन खोल्यांच्या घरातही टीव्हीशेजारी टाकी दिसते. आपल्या रत्नागिरीत तर समुद्र दाराशी. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून आलेली मुले ओहोटीला खडकातल्या डबक्यांतून रंगीत मासे धरून आणतात आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आईबाबांच्या मागे लागतात. हौसेला आमची ना नाही. पण आठ-पंधरा दिवसांत मासा मरून तरंगतो, आणि शेजारचे कोणी वडीलधारे समजूत घालतात, "वाईट वाटून घेऊ नका, घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले." वास्तुशास्त्राच्या नावावर धंदा करणाऱ्यांनी ही समजूत चांगलीच पसरवली आहे. तिच्यात मुक्या जिवाचे मरण तर आहेच, पण घरातली मुले त्यातून शिकतात ते एवढेच की कारण शोधायचे नसते. मग दुसरा मासा येतो, तोही जातो, आणि कष्टाचा पैसा त्याच्यामागे जातो.

वाचकहो, टाकीतला मासा संकटाने मरत नाही, बहुतेक वेळा पाण्याने मरतो. समुद्राचे पाणी माशाच्या रक्ताच्या जवळजवळ तिप्पट खारट असते. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सारखे बाहेर ओढले जाते. ते भरून काढायला समुद्रातला मासा खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. हे काम रात्रंदिवस चालते. पाण्याचा खारटपणा किंवा उष्णता एकाएकी बदलली, प्राणवायू कमी पडला, मुलांनी काचेवर टिचक्या मारल्या, तर माशावर ताण येतो, हे काम बिघडते आणि रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. रोग नंतर येतो. आधी ताण येतो.

आम्ही पडलो हिशेबाचे माणूस, म्हणून हिशेबानेच सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. ४० लिटरच्या टाकीत झाले १,४०० ग्रॅम. आठवड्यात ४ लिटर पाणी उडून गेले असे धरा. उडते ते पाणी, मीठ जागेवरच राहते. आता तुम्ही घट भरायला पुन्हा ४ लिटर खारे पाणी ओतले, तर १४० ग्रॅम मिठाची भर पडली. असे चार आठवडे केले की टाकीत १,९६० ग्रॅम मीठ जमते, म्हणजे लिटरला ४९ ग्रॅम. त्यात मासा कसा जगणार? उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने करावी. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे. खारटपणा मोजायला हायड्रोमीटर मिळतो, काटा १.०२४ च्या आसपास असावा. महागडी माती-शंखशिंपले घेण्याआधी हा घ्यावा.

दुसरे कारण अमोनिया. मासा तो कल्ल्यांतून सोडतो, उरलेले खाद्य कुजूनही तो होतो. समुद्राच्या पाण्यात त्याचे विष अधिक बाधते. टाकीतल्या वाळूत व फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढले की ते अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, पण त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी टाकी आणली आणि रविवारीच सहा मासे सोडले, तर काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

आता आजाराची खूण. मासा कोपऱ्यात लपतो, खात नाही, कल्ले भराभर हलवतो, दगडाला अंग घासतो, आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या सूक्ष्म परजीवीचा रोग. यात एक फसवणूक आहे. चार-सहा दिवसांनी ठिपके आपोआप जातात, घरचे म्हणतात बरा झाला. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून गळून तळाला कोष करून बसलेला असतो. कोष फुटला की शेकडो पिल्ले पुन्हा माशावर तुटून पडतात. तांब्याच्या औषधाने उपाय होतो, पण तो वेगळ्या टाकीत, मापूनच. गोगलगाय, कोळंबी त्याने मरतात आणि मात्रा चुकली तर मासाही. मुख्य टाकी निदान सहा ते दहा आठवडे माशांवाचून ठेवावी लागते. माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा प्रकार मात्र कोणी करू नये.

यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच इतरांत सोडणे. आणि विचारूनच घेणे. फिलिपाईन्स, इंडोनेशियात प्रवाळातले मासे सायनाइड फवारून गुंगवून धरण्याचा प्रकार झालेला आहे. असा मासा दुकानात ठीक दिसतो आणि घरी येऊन मरतो. क्लाऊन माशाची पैदास आपल्याकडे केंद्रात होऊ शकते, ती झालेली आहे. पाळीव पैदाशीचाच घ्यावा. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना तर हातच लावू नये. २००१ पासून वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आमच्या ओळखीचा एक बारावी झालेला मुलगा हॉटेलांतल्या टाक्या सांभाळण्याचे काम करतो. एका ठिकाणी एका रात्रीत सगळे मासे मेले आणि मालकाने त्याच्या पगारातून पैसे कापायला काढले. पोराकडे वही होती. रोजचा खारटपणा, उष्णता, खाद्य, पाणी कधी बदलले, सगळे तारखेवार. आदल्या दिवसापर्यंत सर्व आकडे ठीक होते आणि त्या रात्री वीज पाच तास गेली होती. पंप बंद, प्राणवायू संपला. पगार कापला गेला नाही. ही वही साध्या पेन्सिलीनेही लिहिता येते. पुढे शिकायचे असेल त्याला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासून.

वीज गेली तर मगने पाणी उचलून उंचावरून पुन्हा टाकीत सोडत राहावे, हवा मिसळते. बॅटरीचा हवापंप असेल तर उत्तमच. आणि पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करावी. जून लागला की काजळी नदीचे गढूळ गोडे पाणी भाट्याच्या खाडीत येते, तिथले पाणी मग टाकीच्या कामाचे नाही. मिरकरवाड्याच्या बंदरातले तर कधीच नाही, त्यात डिझेलचा तवंग असतो. उघड्या किनाऱ्यावरचे स्वच्छ पाणी भरतीच्या वेळी भरावे, गाळून झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये अंधारात ठेवावे आणि ड्रमवर तारीख घालावी.