एकट्याची सायकल आणि चार जणांचा हिशेब



गेल्या डिसेंबरात शाळांना सुट्टी लागल्यावर मी पंधरा दिवस दुबईला जाऊन आलो. माझ्या बहिणीचा मुलगा तेथे नोकरीला आहे. आपल्या बेटावरच्या किती तरी मराठी घरांतील मुले आज तेथे हॉटेलांत, विमान कंपन्यांत आणि कचेऱ्यांत काम करतात, तेव्हा यात नवल काही नाही. भाचा राहतो त्या भागाचे नाव मुहैस्नाह. दुबईच्या पूर्वेकडे, शारजाच्या बाजूला हा भाग येतो. त्याचे आकडे घालून वेगवेगळे भाग पाडले आहेत. चौथ्या भागात कुटुंबे राहतात, शाळा आहेत, दुकाने आहेत. भाच्याचे घर तेथेच आहे. दुसऱ्या भागाविषयी पुढे सांगतो.

पहिल्याच रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, मी सायकलीवर एकटाच सातही अमिराती फिरणार. रोज किती किलोमीटर झाले ते मोबाईलवर लिहीन, फोटो टाकीन. लोक पैसे पाठवतील. ते सगळे आपल्याकडच्या आजारी मुलांना."

ऐकून मला आनंद झाला. पण शिक्षकाची खोड जात नाही. मी विचारले, "कोणत्या मुलांना? पैसे कोणाच्या खात्यात येणार? हिशेब कोण तपासणार?" भाचा गप्प झाला. भाचेसून हसून म्हणाली, "मामा, आधी जेवून घ्या. वर्ग उद्या भरवा."

दुसऱ्या दिवशी भाच्याने कचेरीत चौकशी केली आणि तोंड पाडून घरी आला. त्या देशात कोणाही एकट्या माणसाला लोकांकडून दान गोळा करता येत नाही. दुबईत २०१५ साली तसा हुकूम निघाला आणि २०२१ साली सर्व अमिरातींसाठी कायदा झाला. परवाना असलेल्या संस्थेमार्फतच वर्गणी मागता येते. मोबाईलवर आपल्या खात्याचा नंबर देऊन मदत मागणे हाही तेथे गुन्हा ठरतो. भाचा चिडला. "मामा, येथे चांगले कामसुद्धा करू देत नाहीत!"

मी त्याला तेव्हा जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडतो. आपल्या बेटावरही अलीकडे अशा सायकल फेऱ्यांची हौस वाढली आहे, म्हणून त्याचा विचार आपणही करावा असे मला वाटते.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका तरुणाने एका आजारी बाईच्या उपचारासाठी बेटाला सायकलीने फेरी घातली. वर्गणी जमवण्याच्या समितीत मी होतो. लोकांनी मनापासून दिले. म्हाताऱ्या बायकांनी पदराच्या गाठी सोडून रुपये दिले. मग छापील बनियन आले, बॅनर आला, परतीच्या दिवशी सर्वांना जेवण झाले, भाषणे झाली. त्या बाईच्या घरी अखेर जे पोहोचले ते फारच थोडे होते. कोणी चोरी केली नाही. पण हिशेब कधी वाचून दाखवला नाही, आणि मी समितीत असून विचारला नाही. शिक्षक म्हणून मुलांच्या वहीतील एका पैशाची चूक मी लाल शाईने दाखवतो. तेथे मात्र गप्प बसलो. त्यानंतर गावात वर्गणी मागायला गेलो की लोक दार उघडतात, पण पूर्वीसारखे हसत नाहीत.

तेव्हा तो कायदा मुळात वाईट नाही. त्याची एक दुसरी बाजूही आहे. परदेशात एखादा मजूर वारला आणि त्याच्या सोबत्यांनी टोपी फिरवून चार पैसे त्याच्या घरी पाठवायचे म्हटले, तर नियम त्यांनाही आडवा येतो. गरिबाने गरिबाला हात देण्याची वाट मोकळी असावी. पण मोठ्या गाजावाजाने जगाकडे पैसे मागणाऱ्याने चार जणांच्या देखत हिशेब द्यावा, यात अपमान कसला?

दुसरी गोष्ट अशी की, सायकलीच्या लांब प्रवासाचे हेतू निरनिराळे असतात आणि आपण त्यांची खिचडी करतो. पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिचे नाव आपण ऐकले असेल. २०१८ च्या जुलैमध्ये ती ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघाली आणि डिसेंबरात कोलकात्याला पोहोचली. चौदा देश, सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. वय अवघे १९ ते २०. बहुतेक वाट तिने एकटीने कापली. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चोरांनी सुरी दाखवून लुटले, रशियात बर्फात रात्री काढल्या. हा विक्रमाचा प्रवास होता आणि तिने त्याला विक्रमच म्हटले. त्यात कमीपणा काहीच नाही. एका मराठी मुलीचे हे धैर्य मी माझ्या वर्गात मुलींना मुद्दाम सांगतो.

बाबा आमटे यांचे उदाहरण निराळे आहे. १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. वय ७१. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नव्हते, म्हणून ते गाडीत आडवे पडून निघाले आणि बरोबर शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर. सुमारे पाच हजार किलोमीटरची ही वाट होती. १९८८ साली त्यांनी अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातमधील ओख्यापर्यंत दुसरी यात्रा काढली. या सायकली पैशाच्या पेटीसाठी नव्हत्या. जातीधर्मावरून माणसे एकमेकांपासून तुटत होती, त्यांच्या दारापर्यंत जाण्यासाठी होत्या. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबांचे मतच असे होते की, नुसत्या दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो.

आणि पैशासाठीच निघायचे असेल तर कॅनडाच्या टेरी फॉक्सकडे पाहावे. तो सायकलीवर नव्हे, पायी धावला. कर्करोगाने एक पाय गेलेला हा तरुण १९८० साली कृत्रिम पायाने १४३ दिवस धावला आणि ५,३७३ किलोमीटरवर आजाराने त्याला थांबवले. पुढच्या वर्षी तो गेला. त्याचे मागणे साधे होते. देशातील प्रत्येक माणसाने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. आपल्या नावावर कोणी माल विकून नफा करावा, हे त्याने चालू दिले नाही. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले, म्हणजे जवळजवळ माणशी एक डॉलर. लोकांनी त्याच्या घामाला पाहून दिले हे खरे, पण पैसा कशासाठी आणि कोठे जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते.

विक्रम करायचा तर विक्रम म्हणावे. संदेश द्यायचा तर संदेश म्हणावे. दान मागायचे तर दानाचा चोख हिशेब ठेवावा. विक्रमाची हौस भागवायला दानाचे नाव घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता मुहैस्नाहच्या त्या दुसऱ्या भागाविषयी. त्याला सगळे लोक सोनापूर म्हणतात. नाव आपल्याकडचे, पण तेथे सोने नाही. मजुरांच्या राहण्याच्या इमारतींच्या रांगाच रांगा आहेत. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ येथून आलेली माणसे तेथे राहतात आणि दुबईच्या उंच इमारती बांधतात. मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटले की स्मशान आठवते. योगायोग असा की, परदेशी माणूस दुबईत वारला तर त्याचे पार्थिव मायदेशी पाठवण्यापूर्वी मुहैस्नाहमध्येच आणतात. २०१८ साली अभिनेत्री श्रीदेवी गेल्या तेव्हा त्यांनाही तेथेच आणले होते.

एका संध्याकाळी मी भाच्याला घेऊन तिकडे गेलो. बसमागून बस येत होती आणि माणसे उतरत होती. अंगावर सिमेंटची धूळ, हातात डबा. भिंतीला जुन्या सायकली साखळीने बांधल्या होत्या. एकीच्या सीटवर फडके गुंडाळले होते, दुसरीच्या दांडीला पिशवी लोंबत होती. या सायकलींचे किलोमीटर कोणी मोजत नाही. आमच्या भाच्याने प्रवासासाठी थंडीचे दिवस निवडले होते. या माणसांना ऋतू निवडता येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवावे असा तेथे नियम आहे, यावरूनच तेथले ऊन समजावे.

मला आमचे आजोबा आठवले. पहाटे सायकलीला दुधाचे डबे अडकवून ते घरोघर दूध घालत. त्यांच्याही आधीचे आपले पूर्वज साखरेच्या कोठीवर, मजुरांच्या अशाच रांगांत राहत होते. मॉरिशसमध्ये दगड उलटला की खाली सोने सापडते, असे सांगून त्यांना जहाजात चढवले, ही गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. १८६७ च्या मजूर कायद्यानंतर तर पास जवळ नसला की रस्त्यावर पोलीस धरत. आज आपली मुले हौसेने एकटी देश पार करतात, ही त्यांचीच पुण्याई. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आपण मुलांना दाखवतो. मग सोनापूर आपल्याला परके कसे वाटावे? भाचा त्या वस्तीपासून काही मिनिटांच्या अंतरावर चार वर्षे राहत होता आणि एकदाही तिकडे थांबला नव्हता. मी त्याला दोष देत नाही. आपल्या बेटावर परदेशातून आलेले मजूर कारखान्यांत आणि बांधकामावर काम करतात, त्यांच्या राहत्या जागी मी तरी कधी गेलो?

भाचा फेब्रुवारीत निघाला. सातही अमिराती नव्हे, दुबईहून डोंगर ओलांडून फुजैरापर्यंत. कोणाकडे एक दिरहमही मागितला नाही. स्वतःच्या पगारातून बाजूला टाकलेली रक्कम परवाना असलेल्या संस्थेत, मजुरांच्या औषधपाण्यासाठी भरली. मला त्याने सायकलीचा फोटो पाठवला नाही, पावतीचा पाठवला. सुट्टीच्या दिवशी तो आता सोनापुरात दोन ओळखीच्या माणसांकडे चहाला जातो, असे भाचेसून सांगते.

म्हणून आपल्या मंडळांना आणि बैठकांना माझी नम्र विनंती आहे. आपल्यातील कोणी मुलगा वा मुलगी असा प्रवास करायला निघाली तर तिला जरूर आशीर्वाद द्या, हार घाला. पण निघण्यापूर्वी मदत कोणाला हे फळ्यावर लिहा. पैसे एकाच्या खात्यात नकोत, संस्थेच्या खात्यात घ्या. बनियनचा, बॅनरचा आणि जेवणाचा खर्च वर्गणीतून करू नका. परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत सर्वांपुढे हिशेब वाचा, आणि ज्याला मदत दिली त्याच्या घरी सायकलस्वाराने स्वतः जाऊन यावे.

आमच्या गावातील त्या जुन्या फेरीचे कागद मी कपाटातून काढले आहेत. जमा किती, खर्च किती, ते येत्या सभेत मी वाचून दाखवणार आहे. उशीर फार झाला, पण आमच्या समितीने तो हिशेब लोकांना द्यायलाच हवा.