ओटा कोणाच्या मापाचा?

तुमच्या घरच्या स्वयंपाकघरातला ओटा जमिनीपासून किती इंच उंच आहे?

परवा रात्री मेसमध्ये हा प्रश्न मी आमच्या टेबलावर टाकला. टेबलावर सहाजण, सहाही भावी अभियंते. त्यातल्या एकाला बाजारातल्या प्रत्येक बाईकचा बोअर आणि स्ट्रोक तोंडपाठ. दुसरा नुसत्या आवाजावरून होस्टेलच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे सांगतो. पण ओट्याची उंची? एकालाही माहीत नाही! शेवटी एकजण म्हणाला, "असेल की कमरेएवढा." मी विचारलं, "कुणाच्या कमरेएवढा?" तेव्हा 'ह्याची ओरल वाईट गेलेली दिसते' अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत रश्श्यात बटाटा शोधायला लागला.

खरं सांगायचं तर गेल्या डिसेंबरपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

परीक्षा संपवून कराडला घरी गेलो तर घरात स्वयंपाकघर नवीन करायची गडबड. जुना ओटा १९९६ सालचा. कडप्प्याला मधोमध तडा गेलेला, सिंकखालून पाणी झिरपून भिंतीला पोपडे आलेले. त्याआधी दोन महिने आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाईल्सचे फोटो फिरत होते. बाबांना काळा ग्रॅनाईट हवा होता. पुण्याहून ताईने आवाज न करता बंद होणाऱ्या ट्रॉल्यांचा व्हिडिओ पाठवला. काकांनी सिंक कुठल्या दिशेला असावं यावर एक लांबलचक मेसेज टाकला (काका गेल्या दहा वर्षांत आमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा आलेले नाहीत). मी सगळ्यांना अंगठा दाखवत होतो. आईला सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, "तुला रंग कुठला आवडतो?" ती म्हणाली, "कुठलाही चालेल, पण लवकर उरका."

फोडाफोडीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. हे काम प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावं. माळ्यावरून काय काय निघालं म्हणून सांगू... लग्नात आलेली, नावं कोरलेली स्टीलची भांडी, त्यातली निम्मी नावं आता कुणालाच ओळखू येत नाहीत. दांडा निघालेले तीन कुकर, 'कधीतरी बसवून आणू' म्हणून ठेवलेले. चिनी मातीच्या बरण्या. माझ्या बालवाडीचा डबा. आणि सिलेंडर आणि भिंत यांच्या फटीत उभा करून ठेवलेला एक लाकडी पाट.

तो पाट मी देवघरात नेऊन ठेवला. आई मागून आली, "तो नको नेऊस, चपात्या करताना लागतो."

"चपात्या करायला पाट कशाला?"

"उभं राहायला."

पाट उलटसुलट करून पाहिला. वरचं पॉलिश दोन ठिकाणी पार उडालेलं, पावलांच्या आकाराचं. आईची उंची चार फूट दहा इंच. ओटा तिला उंच पडतो. कणीक मळताना आणि लाटताना खांदे वर चढतात, म्हणून ती पाटावर उभी राहते. कधीपासून? लग्न झाल्यापासून, म्हणजे १९९९ पासून. पाट कुणी दिला? आजीने. कारण ओटा झाल्यापासून तीन वर्षं आजीसुद्धा त्याच पाटावर उभी राहून चपात्या करत होती!

मी त्या घरात वाढलो. रोज संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात बसून मी अभ्यास केलाय, आईच्या पाठीमागे चार हातांवर. ती पाटावर उभी आहे हे माझ्या डोळ्यांना दिसत असणारच, पण ते कधी डोक्यात शिरलं नाही. तिचा उजवा खांदा तीन वर्षांपासून दुखतोय. त्यावर आम्ही बाम आणला, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, 'वय झालं आता' असंही म्हणून झालं. एकदा पाटावरून पाय सरकून तिचं मनगट मुरगळलं होतं, तेव्हा सगळ्या घराने निष्कर्ष काढला की फरशी ओली होती.

आजीला विचारलं, ओट्याची उंची ठरवली कुणी? आजी हसायलाच लागली. "मिस्त्रीनं विचारलं किती उंच करू. तुझ्या आजोबांनी हात टेकवून दाखवला, एवढा कर म्हणाले. संपलं!" आजोबा पाच फूट नऊ इंच. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केल्याची नोंद नाही. त्याआधी आजी खाली बसून चुलीवर करायची. ओटा झाला, गॅस आला, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला, गल्लीत कौतुक झालं. पण माप राहिलं आजोबांच्या हाताचं.

मग मी टेप काढली. ओटा चौतीस इंच. आईला सरळ उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं, छत्तीस इंच. आमच्या अर्गोनॉमिक्सच्या धड्यात लिहिलंय, उभ्याने करायच्या हलक्या कामाचा पृष्ठभाग कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली हवा आणि जोर लावायच्या कामासाठी त्याहूनही खाली. म्हणजे आईला हवा तीस ते बत्तीस इंच, कणीक मळायला आणखी थोडा कमी चालेल. शिवाय शेगडीची उंची आणि वर पातेल्याची उंची वेगळीच. आता पाट मोजला, साडेतीन इंच. चौतीस वजा साडेतीन, साडेतीस!

मित्रांनो, हे उत्तर मी सेमिस्टरच्या परीक्षेत लिहिलं असतं तर मला पूर्ण मार्क मिळाले असते. आजीने ते १९९६ सालीच काढलं होतं. फरक एवढाच की आजीचं उत्तर रोज पायाखाली डुगडुगायचं.

ह्याच विषयात आपण 'थर्ब्लिग' पाठ करतो. अठरा हालचाली, प्रत्येकीची खूण, जर्नलमध्ये रंगीत पेन्सिलीने काढायची. हे नाव गिलब्रेथ हे आडनाव उलटं फिरवून केलंय, हे व्हायव्हात सांगितलं की सर खूश होतात. फ्रँक गिलब्रेथने गवंड्यांचा अभ्यास केला. एक वीट बसवायला अठरा हालचाली लागायच्या, त्या त्याने साडेचारवर आणल्या. त्यासाठी त्याने उंची कमीजास्त करता येईल अशी परांची केली, म्हणजे गवंड्याला विटेसाठी वाकायला नको. हे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं. जर्नल इथे संपतं. पुढची गोष्ट मी स्वतः शोधून वाचली. १९२४ साली फ्रँक वारला. बाईमाणसाकडून कारखान्याचा सल्ला घ्यायला कंपन्या तयार होईनात, तेव्हा त्याची बायको लिलियन, जी स्वतः तेवढीच मोठी इंजिनिअर होती, स्वयंपाकघराकडे वळली. तिने हजारो बायकांना विचारून शेगडी आणि सिंक किती उंच हवं याचा अभ्यास केला. पायाने उघडायची कचरापेटी, फ्रिजच्या दारातले कप्पे, यांचं श्रेयही तिला दिलं जातं. विटेची गोष्ट आपल्याला आठ मार्कांना आहे. ओट्याची शून्य मार्कांना.

माझी तक्रार एवढीच आहे. आपण 'युजर रिक्वायरमेंट' या विषयावर असाइनमेंट एकमेकांची बघून का होईना, लिहितो. पण घरात लाखभर रुपयांचं काम निघालं की रंगावर दोन महिने चर्चा करतो आणि जी व्यक्ती रोज चार तास तिथे उभी राहणार तिच्या कोपराला टेप लावत नाही.

मी मोठ्या तोऱ्यात कागदावर प्लॅन काढून मिस्त्रींना दिला, ओटा तीस इंच. मिस्त्री म्हणाले, "चौतीसच घालतोय की सगळीकडं. तीस म्हंजे लईच खाली होतंय." मी त्यांना कोपर, सेंटिमीटर वगैरे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली आणि विचारलं, "साहेब, नवीन फरशीची जाडी धरली का?"

नव्हती धरली! जुन्या शहाबादीवरच नवीन टाईल बसणार होती, म्हणजे खाली दीड इंच मसाला आणि वर टाईल, जवळजवळ दोन इंच. माझ्या प्लॅनप्रमाणे ओटा अठ्ठावीस इंचांचा झाला असता आणि आईला त्यावर बसून चपात्या कराव्या लागल्या असत्या. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने याहून जास्त काही लिहू नये. मिस्त्रींनी वर पाणसळ धरून तयार फरशीची खूण भिंतीवर मारून दिली आणि तिथून तीस इंच मोजायला सांगितलं.

खरा वाद घातला तो ताईने. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "अरे शहाण्या, आईच्या मापाचा ओटा करतोस म्हणजे पुढची वीस वर्षं आईच तिथे उभी राहणार हे तूच ठरवून टाकलंस. तुझ्या आणि बाबांच्या मापाचं काय?" यावर मला उत्तर सुचलं नाही. नंतर वाचलं की हीच टीका एका जगप्रसिद्ध स्वयंपाकघरावर झाली आहे. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने फ्रँकफर्ट शहरातल्या सरकारी घरांसाठी १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. बसून काम करायला फिरतं स्टूल दिलं, एकेक पाऊल वाचवलं. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं झाली. पण ते इतकं मापात होतं की दुसरं माणूस मदतीला शिरायला जागाच नाही! एकटीची सोय चांगली झाली आणि तीच एकटी पडली.

शेवटी ओटा एल आकाराचा केला. लाटायची आणि शेगडीची बाजू तीस इंच. सिंकची बाजू चौतीसच ठेवली, कारण भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातात, तिथे कडा उंच असलेली बरी. दोन उंच्यांमुळे ग्रॅनाईटला जोड आला, तो जोड बाबांना अजून खुपतो. उंच बाजूला थोडी जागा वाढवून घेतली, तिथे मी आणि बाबा भाजी चिरू असं ठरलं. ठरलं म्हणजे मी तरी सुट्टीत चिरली. बाबांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, हा अंक घरी जातो.

आईचा खांदा बरा झाला असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांचं दुखणं दोन महिन्यांत जात नाही. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, तो ती करत नाही. पण आता पाट लागत नाही. तो आजीने पाय ठेवायला तिच्या खुर्चीपुढे घेतलाय.

मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "काय, कसा आहे ओटा?"

"चांगलाय," आई म्हणाली. "मिक्सरचा प्लग तेवढा फ्रिजच्या मागं गेलाय. दर वेळी फ्रिज सरकवावा लागतो."

प्लग कुठे हवा हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.