घरचं गणित : शंभरपैकी शंभर

मंडळी, गेल्या महिन्यात आमची भाची सुट्टीला आली ती तोंड पाडूनच. इथे इंग्लंडमध्येच ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. औषधांच्या गणितात २५ पैकी २४ उत्तरं बरोबर आली होती. आम्ही म्हटलं, "अगं, शहाण्णव टक्के! आमच्या वेळी पेढे वाटले असते." तर म्हणाली, "मामा, नापास झालेय मी."

खरंच आहे ते. इथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे औषधांच्या हिशेबाच्या परीक्षेत शंभर टक्केच गुण लागतात. आम्हाला हे जरा जाचक वाटलं. त्यावर ती म्हणाली, "चोवीस पेशंटना बरोबर औषध दिलं आणि पंचविसाव्याला चुकलं, तर त्याच्या घरच्यांना काय सांगायचं?" आम्ही गप्प.

तिची चूक एका टिंबाची. ०.२५ मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना हजाराने गुणायचं, म्हणजे २५०. तिने घाईत लिहिले २५. पेशंटला औषधाचा दहावा हिस्साच मिळाला असता. म्हणून तर त्यांना शिकवतात, ५ लिहा, ५.० नको, ०.५ लिहा, नुसतं .५ नको. टिंब नजरेतून सुटलं की पाचाचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही.

मग जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरली. पाहतो तर काय, सगळं आपलं जुनं त्रैराशिक! १२० मिलिग्रॅम औषध ५ मिलिलिटरमध्ये, तर २४० किती मिलिलिटरमध्ये? दहा. एवढंच. पण घोळ होतो तो त्याच्या आधी. आई सांगते, मुलाचं वजन २ स्टोन ७ पौंड. म्हणजे ३५ पौंड, सुमारे १६ किलो. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर २४० झाले. कुणी ३५ हेच किलो धरले, तर ५२५! दुपटीहून जास्त. गुणाकार बिनचूक, आणि उत्तर मात्र साफ चूक.

म्हणून आम्ही तिला एकच सवय लावायला सांगितली. कॅल्क्युलेटरला हात लावण्याआधी तोंडी अंदाज करायचा. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी घोकल्या, त्या याच कामाच्या. अर्ध्या गोळीच्या जागी पाच गोळ्या असं उत्तर आलं, तर मन लगेच म्हणालं पाहिजे, "थांब, हे जास्त वाटतंय."

आणि मंडळी, हे फक्त नर्सबाईंचं काम नव्हे. इथे मुलांचं पॅरासिटामॉलचं पातळ औषध दोन ताकदींत मिळतं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि २५० मिलिग्रॅमचं. भारतातून आलेली आजी रात्री ताप चढला म्हणून कपाटातली हाताला लागेल ती बाटली काढते आणि चहाच्या चमच्याने औषध पाजते. आमच्याही घरी हे झालेलं आहे. तेव्हा आधी बाटलीवरचा आकडा वाचावा, मुलाच्या वयापुढे दिलेलं प्रमाण पाहावं आणि बाटलीबरोबरच्या चमच्याने किंवा सिरिंजनेच मोजावं. आजीला हे मराठीत लिहून कपाटाच्या दारावर लावून ठेवा.

भाचीची फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तोवर तुमच्यासाठी तिच्याच वहीतलं एक गणित. १ लिटर सलाईन ८ तासांत द्यायचं आहे. नळीतून २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. तर मिनिटाला किती थेंब? आधी अंदाज करा, मग कागद घ्या. उत्तर ४२ च्या आसपास आलं, तर तुम्ही पास. पेढे मात्र तिचा निकाल लागल्यावरच!