विजेची दुचाकी आणि गरिबाचा हिशेब

पेट्रोलच्या बाबतीत आमच्या परभणी जिल्ह्याची एक दुर्दैवी ख्याती आहे. मनमाडच्या साठवण केंद्रातून तीनशेहून अधिक किलोमीटरचा टँकरप्रवास करून इंधन येथे पोचते आणि त्या वाहतुकीचा भार गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. २०१८च्या सप्टेंबरात येथील दराने नव्वदी ओलांडली, तेव्हा वृत्तपत्रांना परभणीचे नाव एकदम आठवले. एप्रिल २०२२मध्ये तोच दर १२३ रुपयांच्या पुढे होता. मे २०२०मध्ये, टाळेबंदीने मजुराची मजुरी बुडालेली असताना, केंद्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे १० रुपयांनी वाढवला होता, हेही विसरता कामा नये. तेव्हा सेलूच्या मोंढ्यात विजेच्या दुचाकीची चर्चा सुरू झाली ती काही पर्यावरणाच्या प्रेमाने नव्हे. ती पोटाची चर्चा आहे.

अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे लोक माझ्याकडे हिशेब घेऊन येतात. असेच एका शाळेतील शिपाई आले होते. वालूरच्या बाजूच्या खेड्यातून ते रोज सेलूला येतात. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेसातशे किलोमीटर, म्हणजे जुन्या मोटारसायकलीला पंधरा लिटर पेट्रोल आणि दीड हजारांहून अधिक खर्च. विजेच्या साध्या गाडीला याच अंतरासाठी सुमारे तीस युनिट लागतील. युनिट दहा रुपये धरले तरी तीनशे रुपये. विक्रेत्याने त्यांना एवढाच हिशेब सांगितला होता. पुढचा अर्धा सांगितला नव्हता. स्वस्त गाडीत शिशाची बॅटरी असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती दीड-दोन वर्षांत दम टाकते आणि नव्या संचाला दहा-पंधरा हजार मोजावे लागतात. ते महिन्यावर विभागले की आणखी सहा-सातशे रुपयांचा बोजा येतो. बचत उरते, पण बाराशेची सहाशे होते. लिथियमची बॅटरी महाग असते, तरी ती जास्त टिकते. सबब गाडीच्या किमतीपेक्षा बॅटरीची लेखी हमी किती वर्षांची आहे, हे आधी विचारावे.

आता कायद्याकडे वळू. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या विजेच्या गाडीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत, ती मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी, परवाना, विमा काही लागत नाही. पायडलच्या सायकलीला मोटार जोडली असेल तर पाय थांबताच मोटार थांबली पाहिजे, आणि ताशी २५चा वेग येताच तिची मदत तुटली पाहिजे. पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तकही हवा. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे, उदाहरणार्थ पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे, प्रमाणपत्र त्या नमुन्याला असावे लागते. दुकानात ते मागणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. वेग याहून अधिक असेल तर हिरवी पाटी, नोंदणी, परवाना, शिरस्त्राण आणि विमा सारे आले.

खरी मेख येथेच आहे. शिपाईभाऊंना विक्रेत्याने नंबर नको, लायसन नको म्हणून गाडी विकली आणि दीड हजार रुपये जादा घेऊन तिचे वेगाचे बंधन काढून दिले. गाडी ताशी ४५ने धावू लागली. पंधरा किलोमीटरला ३६ मिनिटे लागत, ती २० लागू लागली. या सोळा मिनिटांसाठी ती गाडी कायद्याच्या लेखी बिननोंदणीची, बिनविम्याची मोटार झाली, हे त्यांना कोणी सांगितले नाही. पुढे बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्या भाजीवालीला धक्का लागून तिचे खुब्याचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च शिपाईभाऊंनी कर्ज काढून अर्धामुर्धा भागवला. उरलेला भाजीवालीच्या मुलाने सावकाराकडून आणला.

हे मी आमच्या काही सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा त्यांचे म्हणणे पडले की गरिबाच्या मागे कायद्याचा ससेमिरा लावू नये. यामागचा कळवळा मला समजतो. पण हा युक्तिवाद पुरता चुकीचा आहे. तृतीय पक्षाचा विमा १९३९च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला, तो गाडीवाल्यासाठी नव्हे. रस्त्याने पायी चालणाऱ्यासाठी. रस्त्यावर गाडीवाल्याहून गरीब कोणी असेल तर तो पादचारी. लहान विजेच्या दुचाकीसाठी या विम्याचा हप्ता २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला ४५७ रुपये होता. एवढ्या रकमेवाचून दोन कुटुंबे कर्जात गेली.

आणि ससेमिरा लावायचाच तर तो कोणाच्या मागे? २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफार करून देणाऱ्या विक्रेत्याला गाडीमागे एक लाख रुपये दंड वा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या मालकालाही शिक्षा आहे, पण ती त्या मानाने सौम्य आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती अशी गाडी देणाऱ्या पालकाला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगितलेला आहे; शिकवणीला जाणाऱ्या मुलांना ‘वेग वाढवून’ गाड्या घेऊन देणाऱ्या सुशिक्षितांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. राज्याच्या परिवहन खात्याने मे २०२२मध्ये अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. पुढे रस्त्यावर गाड्या सापडत राहिल्या आणि दुकानेही चालत राहिली.

शासनाच्या पैशाची वाटही पाहण्यासारखी आहे. एप्रिल २०१९पासूनच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदानासाठी दुचाकीचा वेग किमान ताशी ४० आणि पल्ला किमान ८० किलोमीटर असण्याची अट होती. अर्थात गरिबाच्या संथ गाडीला एक पैसाही नाही. जून २०२१पासून सुमारे दोन वर्षे मात्र लाखाच्या पुढच्या गाडीला बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १५ हजार रुपये, म्हणजे तीन किलोवॅट-तासाच्या गाडीला ४५ हजारांपर्यंत मदत मिळत होती. करांचेही तसेच. ऑगस्ट २०१९पासून विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आणि पायाने मारायच्या साध्या सायकलीवर १२ टक्के! ही विसंगती दूर व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडला. शिशाच्या बॅटरीवर तोवर २८ टक्के होते, आता १८ आहेत. म्हणजे गाडी बदलणाऱ्याला ५ टक्के कर आणि आहे तीच गाडी चालू ठेवणाऱ्याला १८.

आपण काय मागावे? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्याच धर्तीवर मोलकरणी, आशा कार्यकर्त्या, शाळांचे शिपाई यांना प्रमाणित, पायडलच्या विजेच्या सायकलीसाठी अनुदान असावे. दिल्ली सरकारने २०२२मध्ये अशा सायकलींना अनुदान दिले होते. ज्यांचे अंतर लांब आहे त्यांच्यासाठी नोंदणीची गाडी, पाच वर्षांच्या विम्यासह, सहकारी पतसंस्थेच्या कमी व्याजाच्या कर्जावर मिळावी. प्रत्येक दुकानात चाचणीचे प्रमाणपत्र मराठीत, दर्शनी लावणे सक्तीचे करावे. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी हे शेवटचे काम शासनाची वाट न पाहता सुरू करावे. दुकानात जावे, प्रमाणपत्र मागावे, आणि ते नसेल तर परभणीच्या परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे. अर्जाचा मसुदा मी करून ठेवला आहे.

माझ्यापुरते म्हणाल तर पायडलची विजेची सायकल मला स्टेशनपर्यंत आणि मोंढ्यापर्यंत पुरते. शिपाईभाऊंची गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. ते सध्या एस.टी.ने येतात. ती शाळा भरल्यावर पोचते, म्हणून पहिली घंटा हल्ली एक शिक्षक देतात.